जेल-शिफ्टमध्ये केडी डिसेंबरात ४० आणि मेमध्ये ७५ नॅनोमोलर: नेमकं काय बदललं?

पांढरी_ज्वारी (परभणी)

नमस्कार मंडळी. ज्वारीच्या डीआरईबी प्रथिनाचा (पाण्याच्या ताणात जनुकं चालू करणाऱ्या) फक्त एपी२ भाग (डीएनए धरणारा, साधारण ६० अमिनो आम्लं, पुढे सहा हिस्टिडीनचा टॅग) ई. कोलायमध्ये तयार केला आहे. तो डीआरई या डीएनए-क्रमाला किती घट्ट बसतो (केडी; आकडा जितका लहान तितका बंध घट्ट) ते जेल-शिफ्टने मोजतोय, म्हणजे प्रथिन बसलेला डीएनए जेलमध्ये मागे, वर राहतो. प्रोब (डीएनएचा तुकडा) ३० बेसजोड्यांचा, मधोमध एसीसीजीएसी हा गाभा. तपशील असा:

प्रोब ५० नॅनोमोलर, लेबल नाही, शेवटी इथिडियम ब्रोमाइडने रंगवतो. एकूण २० मायक्रोलिटर: १० मिलीमोलर ट्रिस पीएच ७.५, १०० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलीमोलर डीटीटी (ऑक्सिडीकरण रोखायला), १० टक्के ग्लिसरॉल. खोलीच्या तापमानाला २० मिनिटं ठेवून ६ टक्के नेटिव्ह (प्रथिन न उलगडणारं) अॅक्रिलामाइड जेल (२९:१), अर्धा-एक्स टीबीई बफर, १५० व्होल्ट, ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग तळाला येईपर्यंत.

डिसेंबरात ४० नॅनोमोलर प्रथिनाला निम्मा प्रोब वर सरकत होता. आता मेमध्ये त्याच बॅचच्या प्रथिनाला ७५ लागतात. शिवाय वरच्या आणि खालच्या बँडच्या मध्ये धुरकट शेपटी येते, आणि काही जेलांत खालचा मोकळा प्रोब दिसतच नाही. प्रबंधात कुठला आकडा लिहायचा?

देवगिरी

सध्या दोन्ही लिहू नका. तुम्ही जे मोजलंय तो केडी नाही. प्रोबचं प्रमाण, जिवंत (डीएनए धरू शकणाऱ्या) प्रथिनाचं प्रमाण आणि केडी अशा तीन गोष्टींची ती सरमिसळ आहे. सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो.

"निम्मा प्रोब बांधला गेला तेव्हाचं प्रथिन म्हणजे केडी" हे वाक्य सगळीकडे पाठ करून घेतात, पण त्यातली अट गळून जाते. प्रोबचं प्रमाण केडीपेक्षा खूप कमी असेल, निदान दहापट कमी, तरच ते खरं. नाहीतर निम्म्या प्रोबला धरून ठेवायलाच प्रथिन खर्च होतं. एकास एक बंध असेल तर निम्म्यावरचं एकूण प्रथिन बरोबर एवढं येतं:

निम्म्यावरचं प्रथिन = केडी + (एकूण प्रोब ÷ २)

तुमचा प्रोब ५० नॅनोमोलर. म्हणजे केडी अगदी शून्य असला तरी २५ नॅनोमोलरच्या आत निम्मा शिफ्ट दिसणं शक्य नाही. केडी खरा ५ नॅनोमोलर असेल तर तुम्हाला ३० दिसेल.

आता दुसरा भाग. ब्रॅडफर्ड रंग-चाचणीने किंवा २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाने मोजलेलं प्रथिन म्हणजे नळीतलं सगळं प्रथिन. त्यातलं नीट घडी पडलेलं आणि डीएनए धरू शकणारं किती, हे ते मोजमाप सांगत नाही. समजा ४० टक्केच जिवंत आहे. मग वरच्या ३० साठी नळीत ७५ टाकावे लागतील. बघा, तुमचा मेचा आकडा नेमका तोच आहे! आणि ७५ टक्के जिवंत असेल तर ४०, म्हणजे तुमचा डिसेंबर. दोन्ही वेळा केडी तोच असूनही आकडा दुप्पट होऊ शकतो. तुमच्याकडे असंच झालंय असा माझा दावा नाही. पण हे तपासल्याशिवाय ४० आणि ७५ यांना अर्थ नाही.

तपासायचं कसं: प्रोब मुद्दाम जास्त घ्या, २०० नॅनोमोलर, आणि प्रथिन ० पासून ८०० पर्यंत ५०-५० ने वाढवा. इथे प्रोब केडीच्या कितीतरी वर असल्याने जे जिवंत प्रथिन पडेल ते लगेच धरलं जातं. आलेख सरळ रेषेत चढतो आणि एका जागी मोडून सपाट होतो. ती मोड २०० ला आली तर प्रथिन शंभर टक्के जिवंत, ४०० ला आली तर ५० टक्के. याला इथिडियम चालतं, कारण डीएनए भरपूर असतो.

केडीसाठी मात्र लेबल हवंच. हिशोब करा: ३० बेसजोड्या म्हणजे सुमारे १९,५०० डाल्टन. २० मायक्रोलिटरमध्ये ५० नॅनोमोलर म्हणजे १ पिकोमोल, साधारण २० नॅनोग्रॅम, ते इथिडियमला दिसतं. १ नॅनोमोलर म्हणजे ०.४ नॅनोग्रॅम. ते दिसणार नाही, आणि पॉलिअॅक्रिलामाइडमध्ये इथिडियमची चमक अगरोजपेक्षा कमीच असते. एका धाग्याच्या ५' टोकाला साय५ हा चमकणारा रंग लावून मागवा आणि पूरक धागा साधा घ्या.

मांजरा (लातूर)

देवगिरी सरांनी हिशोब सांगितला, मी जेलकडे बघते.

मोकळा प्रोब दिसत नाही, कारण तो खालून बाहेर गेलाय. नेटिव्ह जेलमध्ये ब्रोमोफिनॉल ब्लू ५ टक्क्यांत सुमारे ६५ बेसजोड्यांबरोबर पळतो, ८ टक्क्यांत ४५, १२ टक्क्यांत २०. तुमच्या ६ टक्क्यांच्या जेलमध्ये ३० चा प्रोब रंगाच्या बराच पुढे असतो. रंग तळाला आणला म्हणजे प्रोब खालच्या टाकीत. रंग जेलच्या अर्ध्यावर, फार तर साठ टक्क्यांवर आला की थांबा. रंग नमुन्यात घालूच नका, काही प्रथिनं त्याने विचलित होतात. बाजूच्या रिकाम्या वेलमध्ये नुसता रंग भरा. नमुना खाली बसायला तुमचं १० टक्के ग्लिसरॉल पुरेसं आहे.

शेपटी म्हणजे जेलमध्ये धावताना बंध सुटतोय. सुटलेला प्रोब मध्येच कुठेतरी मागे राहतो आणि बँडऐवजी धूर दिसतो. १५० व्होल्टला, मेमध्ये, खोलीत ठेवलेलं जेल आतून किती तापत असेल? १०० व्होल्ट किंवा कमी आणि ४ अंश ठेवा. कोल्ड रूम नसेल तर टाकी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून भोवती बर्फ भरा, बफर आदल्या रात्री फ्रिजमध्ये. बर्फाच्या लादीचा तुकडा काचेला टेकवू नका. एक बाजू गार, एक गरम झाली की लेन वाकड्या धावतात.

१० मिलि जेलसाठी (१.५ मिमीची छोटी प्लेट): ३० टक्के अॅक्रिलामाइड २ मिलि, ५-एक्स टीबीई १ मिलि, पाणी ६.९ मिलि, १० टक्के एपीएस १०० मायक्रोलिटर, टेमेड १० मायक्रोलिटर (ही दोन जेल धरायला लावतात). उन्हाळ्यात एपीएस आणि टेमेड घालायच्या आधी मिश्रण दहा मिनिटं बर्फात ठेवा आणि टेमेड ६ वर आणा. नाहीतर कंगवा बसेपर्यंत जेल धरतं आणि वेलचे काठ फाटतात. एपीएस आठवडाभराचंच वापरा. हातमोजे विसरू नका, न धरलेलं अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे.

नमुने भरण्याआधी जेल ३० ते ६० मिनिटं रिकामं चालवा, म्हणजे उरलेलं एपीएस निघून जातं. नमुने भरताना वीज बंद ठेवू नका. ५० व्होल्टवर चालू ठेवूनच हळूच भरा, टोक ताराला न लागू देता. वेलमध्ये जितका वेळ नमुना पडून राहतो तितका बंध सुटायला वाव मिळतो. एकदा जेलच्या आत शिरला की जाळी त्याला बरीच सांभाळून घेते.

मोजताना वरचा बँड ÷ (वरचा + खालचा) असं करू नका, शेपटी त्यात कुठेच मोजली जात नाही. प्रथिन नसलेल्या लेनच्या तुलनेत मोकळा प्रोब किती घटला ते मोजा. तुमच्या इथिडियमच्या जेलमध्ये तर हे जास्तच लागू, कारण प्रथिनाने झाकलेल्या जागेत रंग कमी शिरतो.

आणि पॉली डीआय-डीसी (बनावट क्रमाचा स्पर्धक डीएनए) घाला की. २० मायक्रोलिटरला १ मायक्रोग्रॅम.

देवगिरी

मांजराताई, शेवटच्या ओळीला माझा विरोध आहे. पेशींचा कच्चा अर्क असेल तर १ मायक्रोग्रॅम हवाच, तिथे डीएनए धरणारी शेकडो प्रथिनं असतात. इथे प्रथिन शुद्ध आहे. १ मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे १.५ नॅनोमोल बेसजोड्या, २० मायक्रोलिटरमध्ये ७५ मायक्रोमोलर. एपी२ त्यातल्या काहींना सैल का होईना धरणार, मोकळं प्रथिन घटणार, आणि केडी फुगलेला दिसणार. केडीचा आकडा हवा असेल तर पॉली डीआय-डीसी शून्य. त्याऐवजी ०.१ मिग्रॅ प्रति मिलि बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रथिन) आणि ०.०१ टक्के ट्वीन-२० (सौम्य साबण), म्हणजे नॅनोमोलर पातळीवरचं प्रथिन प्लास्टिकला चिकटणार नाही.

मांजरा (लातूर)

केडीसाठी मान्य. पण बंध विशिष्ट आहे की नाही हे दाखवायच्या जेलमध्ये काहीतरी स्पर्धक हवाच.

देवगिरी

हो, ते जेल वेगळंच करा. प्रथिन ७० ते ८० टक्के शिफ्ट देईल इतकं धरा आणि बिनलेबलचा तोच प्रोब १०, ५०, १००, २०० पट. शेजारच्या लेनमध्ये तितकाच बदललेला प्रोब, सीसीजीएसी ऐवजी टीटीटीटीटी. पहिल्याने शिफ्ट जायला हवा, दुसऱ्याने टिकायला हवा. दोन्हींनी सारखाच गेला तर प्रथिन कुठल्याही डीएनएला चिकटतंय, मग केडी काढण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ (नांदेड)

डिसेंबर आणि मे यात आणखी एक चोर आहे: ट्रिस. त्याचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. २२ अंशांना ७.५ करून ठेवलेली बाटली ३८ अंशांच्या खोलीत ७.०५ होते. उलट ३८ अंशांना ७.५ केलेला बफर ४ अंशांच्या बर्फात ८.४५! पीएच मीटरवरचं तापमान-दुरुस्तीचं बटण फक्त इलेक्ट्रोडचा उतार दुरुस्त करतं. बफर दुसऱ्या तापमानाला किती होईल ते मीटर सांगत नाही. प्रथिनावरच्या हिस्टिडीनचा भार नेमका याच पट्ट्यात बदलतो. हेपिस बफर वापरा, त्याचा फरक निम्मा आहे. आणि पीएच ज्या तापमानाला बंध मोजणार त्याच तापमानाला लावा.

"खोलीचं तापमान" हा शब्द वहीतून काढूनच टाका. आपल्याकडे ते २२ ही असतं आणि ४० ही. ड्राय बाथ २५ ला लावला म्हणून २५ होत नाही. त्यात नुसता हीटर असतो, ३८ अंशांच्या खोलीत तो गार करू शकत नाही. पीसीआर यंत्राला गार करता येतं. त्यात २५ अंश लावा, झाकणाची उष्णता बंद करा आणि नळ्या तिथेच ठेवा. प्रत्येक प्रयोगशाळेत ते असतंच.

डीटीटीचंही बघा. २० अंशांना पीएच ७.५ ला त्याचं अर्धआयुष्य १० तास, ८.५ ला दीड तासाच्या आत. उन्हाळ्यात त्याहून कमी. आठवड्यापूर्वी मिसळलेल्या बफरात डीटीटी उरलेलं नसतं, ते रोज ताजं घाला.

बालाघाट (बीड)

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्याकडे हेच प्रथिन जीएसटी या मोठ्या प्रथिनाच्या टॅगसह आहे. जास्त प्रथिनाला दुसरा, आणखी वरचा बँड येतो. प्रथिनाचे दोन रेणू बसतात असं लिहू का?

गोदाकाठ (नांदेड)

नका लिहू. जीएसटी स्वतःच जोडीने राहतो. एकटं एपी२ एका रेणूने बसतं, पण जीएसटीमुळे दोन एपी२ एकत्र बांधले जातात. ती जोडी दोन प्रोब धरू शकते, किंवा लांब प्रोबवर दोन पायांवर उभी राहून खोटा घट्टपणा दाखवते. थ्रॉम्बिन किंवा प्रिसिजन प्रोटिएज, तुमच्या वाहकात (प्लास्मिडात) जी जागा असेल त्याने टॅग कापून पुन्हा चालवा. दुसरा बँड गेला तर उत्तर मिळालं.

बालाघाट (बीड)

समजलं. या आठवड्यात कापून बघतो. आणि इन्क्युबेशन २० मिनिटं पुरतं का?

देवगिरी

ते केडीवर आणि बंध जुळण्याच्या वेगावर ठरतं. कमी प्रथिनाच्या नळ्यांत समतोल यायला लागणारा वेळ सुटण्याच्या वेगावर अवलंबून असतो. केडी १ नॅनोमोलर आणि जुळण्याचा वेग दर मोलर-सेकंदाला १० चा ८ वा घात असेल तर सुटण्याचं अर्धआयुष्य ७ सेकंद, २० मिनिटं भरपूर झाली. तोच केडी पण जुळणं शंभरपट संथ असेल तर अर्धआयुष्य साडेअकरा मिनिटं, आणि पाच अर्धआयुष्यं म्हणजे जवळपास तास. आधी वेग माहीत नसतो, म्हणून एकच मालिका २० मिनिटं, १ तास आणि ३ तास अशी करा. तिन्ही आलेख एकावर एक बसले तर २० पुरे. आलेख डावीकडे सरकत असेल तर अजून थांबा.

पांढरी_ज्वारी (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. साय५ प्रोब मागवलाय. तो येईपर्यंत २०० नॅनोमोलरचं जेल करतो. पातळ करण्याची पद्धत सांगाल का? आत्तापर्यंत एकाच साठ्यातून १, २, ४, ८ मायक्रोलिटर असं टाकत होतो.

मांजरा (लातूर)

तेच थांबवायचं! साठ्यात मीठ किती आहे? बहुतेक ३०० ते ५०० मिलीमोलर. ८ मायक्रोलिटर टाकलं की २० मध्ये त्याचंच १२० ते २०० मिलीमोलर वाढलं. प्रथिन-डीएनए बंध मिठाला फार हळवा असतो. डीएनएच्या फॉस्फेटला चिकटलेले धन आयन सुटण्यातूनच बंधाची बरीच ताकद येते. म्हणजे तुमच्या मालिकेत प्रथिन वाढतं तसा बंधही सैल होत जातो.

प्रत्येक नळीत प्रथिन २ मायक्रोलिटरच जायला हवं. सगळ्यात वरची नळी ५ मायक्रोमोलर करा (शेवटी ५०० नॅनोमोलर), मग बंधाच्याच बफरात, बीएसए आणि ट्वीनसह, निम्मं-निम्मं करत, वरची धरून एकूण ११ टप्पे. शेवटचा ०.५ नॅनोमोलरच्या आसपास येईल. बारावी नळी नुसत्या बफरची. प्रत्येक टप्प्याला नवं टोक, आणि सहा-सात वेळा हळू वरखाली, फेस न करता. १५ वेलचा कंगवा असेल तर रंगाची लेनही त्यातच मावते.

पाणी कुठलं वापरता? बोअरचं पाणी आरओमधून येत असेल तर डीआयच्या (आयन काढणाऱ्या) काडतुसातून गेलेल्या पाण्याची वाहकता बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. काडतूस संपलं की ते बफरात उतरतं आणि उन्हाळ्यात बोअर खोल गेली की ते लवकर संपतं. वाहकता १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर असेल तर ते पाणी बंधाच्या बफराला नको.

पांढरी_ज्वारी (परभणी)

निकाल टाकतोय. २०० नॅनोमोलर प्रोबचा आलेख ५०० नॅनोमोलर प्रथिनाला मोडला. म्हणजे ४० टक्केच जिवंत.

साय५ प्रोब १ नॅनोमोलर, हेपिस पीएच ७.५, पीसीआर यंत्रात २५ अंश, १ तास, जेल थर्मोकोलच्या खोक्यात ८० व्होल्ट. निम्मा शिफ्ट १४ नॅनोमोलरला. ३ तासांचा आलेख त्यावरच बसला. शेपटी जवळजवळ गेली.

देवगिरी

छान काम केलंत. १४ चे ४० टक्के ५.६, त्यातून प्रोबचा अर्धा भाग ०.५ वजा, केडी ५.१ नॅनोमोलर. तोच केडी धरून मागे गेलं तर डिसेंबरच्या ४० चा अर्थ ७५ टक्के जिवंत प्रथिन. तापमान आणि पीएचचा वाटा त्यात मिसळलेला आहे, त्यामुळे तो आकडा अंदाजच समजा. प्रबंधात ५.१ लिहा, तीन स्वतंत्र जेलांच्या विचलनासह. सोबत तापमान, मीठ, पीएच आणि जिवंत अंशही लिहा. त्याशिवाय दुसऱ्या कुणाला तुमचा आकडा वापरता येणार नाही.

४० टक्के का झालं ते शोधा. प्रथिनाचं २६०/२८० गुणोत्तर (त्या दोन नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं) किती? शुद्ध प्रथिनाचं ०.६ च्या आसपास असतं. १ च्या वर असेल तर जिवाणूचा डीएनए चिकटून आलाय आणि तुमची एपी२ ची जागा आधीच भरलेली आहे. निकेल कॉलमवर १ मोलर मिठाची धुलाई द्या, नंतर हेपॅरिन कॉलम.

पांढरी_ज्वारी (परभणी)

०.६२ आहे. ते ठीक दिसतंय. प्रथिन १० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० ला ठेवलंय, एकाच मोठ्या नळीत.

गोदाकाठ (नांदेड)

मग उत्तर तेच. १० टक्क्यांत ते गोठतं. दरवेळी काढताना एकदा वितळतं आणि भारनियमनात फ्रीजर चढला की पुन्हा. ५० टक्के ग्लिसरॉल केलं तर उणे २० ला ते गोठतच नाही. नाहीतर १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० ला ठेवा. एक नळी, एक प्रयोग, उरलेलं टाकून द्यायचं. जेल चालू असताना वीज गेली आणि दहा मिनिटांत आली नाही तर ते जेल मोजायला धरू नका, बँड पसरतात आणि बंध सुटतो. पॉवर पॅक इन्व्हर्टरवर घ्या, ८० व्होल्टला भार अगदी थोडा असतो.

बालाघाट (बीड)

जेलऐवजी फ्लुरोसन्स अॅनायसोट्रॉपीने (बांधल्यावर चमकत्या प्रोबची गिरकी किती मंदावते ते मोजून) हे सगळं टळेल का? आमच्या विभागात प्लेट रीडर आलाय.

गोदाकाठ (नांदेड)

बंध सुटण्याची भानगड टळते, कारण समतोल न मोडता द्रावणातच मोजता. बाकीचं सगळं लागू राहतं. फॅम (हिरवा चमकणारा रंग) लावलेला प्रोब २ ते ५ नॅनोमोलर, काळी प्लेट, रीडरला ध्रुवण फिल्टर हवेत. एकूण चमक (समांतर + दोनदा लंब) प्रथिनाबरोबर बदलत नाही ना ते आधी तपासा. बदलत असेल तर दुरुस्ती केल्याशिवाय आकडा घेऊ नका. अडचण अशी की टॅग कापलेलं एपी२ जेमतेम ७ किलोडाल्टनचं आणि प्रोब १९.५ चा. बांधल्यावर गिरकी फारशी मंदावत नाही, त्यामुळे फरक लहान येतो. प्रोब १८ ते २० बेसजोड्यांचा करा, किंवा एमबीपी (दुसरं एक टॅग-प्रथिन) ठेवा, तो जीएसटीसारखा जोडी करत नाही. उन्हाळ्यात प्लेटवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, २० मायक्रोलिटर तासाभरात दिसण्याइतकं उडतं.

नायट्रोसेल्युलोज फिल्टरचा जुना मार्गही आहे. प्रथिन अडकतं, मोकळा दुपदरी डीएनए पार जातो. लॅक रिप्रेसर या जिवाणूच्या प्रथिनाचे पहिले बारीक आकडे १९७० मध्ये त्यानेच आले, जेल-शिफ्ट १९८१ मध्ये आलं. पण इतक्या लहान प्रथिनाचं फिल्टरवर अडकणं शंभर टक्के नसतं आणि फॅमच्या प्रकाशात पडदा स्वतःही चमकतो. तुमच्यासाठी प्लेट रीडरच बरा.

बालाघाट (बीड)

मग जीएसटी काढून एमबीपीच्या वाहकात घालतो. प्रोब २० चा मागवतो, गाभा मधोमध.

देवगिरी

गाभ्याच्या दोन्ही बाजूंना निदान पाच-पाच बेसजोड्या राहतील असं बघा. फॅम टोकाच्या जी (ग्वानिन) बेसशेजारी लावू नका, जी त्याची चमक विझवतो. आणि बदललेला प्रोबही त्याच मागणीत टाका.